घरातलं दूध कुणाच्या वाट्याला?

मागच्या श्रावणातली गोष्ट. सकाळी सव्वासहाला वडिलांचा फोन आला. एवढ्या पहाटे ते फोन करत नाहीत, त्यामुळे स्क्रीनवर 'बाबा' दिसलं तेव्हाच पोटात गोळा आला. आई गोठ्यात घसरून पडली होती. रात्रभर पाऊस, त्यात शेण आणि चिखल. पडताना तिने डावा हात टेकवला आणि मनगट मोडलं. मी म्हटलं, तिला फोन द्या. ती फोनवर आली आणि पहिलं वाक्य बोलली, "अर्धी बादली दूध सांडलं रे."

मी पुण्यात नोकरी करतो. त्याच रात्री गाडी पकडून सकाळी शहाद्याला उतरलो. आईचा हात प्लास्टरमध्ये होता. ती एक्कावन्न वर्षांची. उभ्या उंचीवरून पडली होती, माळ्यावरून नाही की गाडीवरून नाही. डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा दिव्यासमोर धरला आणि म्हणाले, एवढ्याशा पडण्याने हाड असं मोडायला नको होतं, हाडांची घनता एकदा तपासून घ्या. मग त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "दूध वगैरे घेता ना?"

बाबा लगेच म्हणाले, "घरी तीन म्हशी आहेत, साहेब."

डॉक्टर म्हणाले, "म्हशी आहेत ते कळलं. या दूध पितात का?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईने खाली पाहिलं. मी छताकडे. सत्तावीस वर्षं मी त्या घराचा मुलगा आहे, आणि आईला दुधाचा ग्लास तोंडाला लावताना मी कधी पाहिलं का, हे मला आठवेना.

आमचं गाव प्रकाशा. तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचं. बाहेरचे लोक याला दक्षिण काशी म्हणून ओळखतात, केदारेश्वराच्या दर्शनाला आणि घाटावर विधी करायला येतात. १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी इथलं टेकाड खणलं, तेव्हा खाली ताम्रपाषाण काळातली वस्ती सापडली. म्हणजे या काठावर तीन हजारांहून जास्त वर्षं माणूस राहतोय. दख्खनमधले त्या काळचे शेतकरी गुरं पाळत होते. त्यामुळे दूध कुणी प्यायचं हा प्रश्नही इथे बराच जुना असणार. आमच्या घरात मात्र तो कधी कुणी विचारलाच नव्हता.

आता आमच्या दुधाचा हिशोब सांगतो. तीनपैकी दोन म्हशी दुभत्या असल्या की दोन वेळचं मिळून बाराएक लिटर दूध निघतं. त्यातलं दहा लिटर डेअरीवर जातं. तिथे मशीनमध्ये नमुना टाकतात, फॅट आणि एसएनएफ किती लागलं त्यावर भाव ठरतो. फॅट चांगलं लागलं की बाबांचा दिवस चांगला जातो. पपईचा भाव पडला, कापसाला बोंडअळी लागली, तरी दर दहा दिवसांनी येणारा दुधाचा पैसा घर चालवतो. माझी इंजिनिअरिंगची फी त्याच पैशांतून गेली. हे मी विसरलेलो नाही.

घरात राहायचं दोन लिटर. त्यात सकाळ-दुपारचा सगळ्यांचा चहा, आजीची दूध-भाकरी, बाबांचा रात्रीचा ग्लास, माझा सकाळचा ग्लास, आल्यागेल्याचा चहा. उरलेल्याला विरजण. साय वेगळी साठवायची, आठवड्याने घुसळून लोणी, मग तूप. तूप कुणाच्या ताटात? आधी बाबा, मी आणि पाहुणे. ताक सगळ्यांना, शेवटी त्यात पाणी वाढवून आईला. आणि पातेल्याच्या बुडाला लागलेली खरवड आईची. ती चमच्याने खरवडून खायची आणि म्हणायची, मला हीच आवडते. मी लहानपणी ते खरं मानलं. कदाचित खरं असेलही. पण दुसरं काही आवडून घ्यायची संधी तिला मिळाली नव्हती.

आता माझ्या ग्लासाबद्दल. नातू म्हणजे दुधावरची साय, असं म्हणतात. आमच्या आजीने ते फारच मनावर घेतलं होतं. सकाळी उपाशीपोटी पितळी पेला काठोकाठ भरून माझ्यासमोर यायचा. म्हशीचं, साखर घातलेलं, वर जाड साय. "पी ले भाऊ, हाडं कडक व्हतीन." मी प्यायचो, आणि शाळेत दुसऱ्या तासाला पोटात ढग गडगडायला लागायचे. गुरुजींकडे करंगळी वर करून रजा मागायची लाज वाटायची, कारण शाळेचं संडास बहुतेक वेळा बंद असायचं. पाचवीत असताना एकदा मी नदीकडे पळालो आणि वेळेत पोचलो नाही. त्या दिवशी पँट धुऊन ओल्या पँटीने घरी आलो, आणि नदीत पडलो असं सांगितलं. नदीकडे गेलो म्हणून मार खाल्ला, पण खरं सांगितलं नाही. दूध पचत नाही असं म्हणणं म्हणजे आपण कमजोर आहोत असं म्हणणं. शिवाय ज्या घराचं पोट दुधावर चालतं, तिथल्या पोराला दूध सोसत नाही हे कोण ऐकून घेणार?

मग मी उपाय काढला. पेला घेऊन गोठ्यामागे जायचो. तिथे ताई उभी असायची. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. तिच्या वाट्याला चहात बुडवलेली भाकरी यायची. पेल्यातलं अर्ध्याहून जास्त दूध ती प्यायची, मी ओठांवर साय लावून परत यायचो. आजी खूश. हा कारभार चांगली तीन-चार वर्षं चालला. आईचा हात मोडल्यावर ताईशी फोनवर बोलत होतो तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या पोटाचे उपकारच म्हणायचे माझ्यावर. नाहीतर माझीही हाडं आईसारखीच राहिली असती." ती हसत होती. मला हसू आलं नाही.

माझ्या पोटाचं कारण मला पुण्यात कळलं. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, साधारण पाच टक्के. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. तान्ह्या बाळांमध्ये ते भरपूर असतं. पण दूध सुटायच्या वयानंतर बहुतेक माणसांमध्ये ते कमी होत जातं. मग न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात, आणि गॅस, गुडगुड, जुलाब सुरू होतात. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढ माणसांमध्ये हे विकर कमी असतं. म्हणजे ज्यांना मोठेपणी दूध सहज पचतं तेच जगाच्या हिशोबात अल्पसंख्याक. गुरं पाळणाऱ्या काही समाजांत हजारो वर्षांपूर्वी एक जनुकीय बदल झाला आणि त्यांच्यात हे विकर आयुष्यभर बनत राहिलं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की भारतातही मुख्यतः युरोपात आढळणारा तोच बदल आहे, आणि त्याचं प्रमाण वायव्येकडून आग्नेयेकडे कमी होत जातं. एकाच घरात एका भावंडाकडे तो असू शकतो, दुसऱ्याकडे नसू शकतो. ताईला पचत होतं. मला नव्हतं. यात कमजोरी कुठेच नव्हती.

इथे एक गोष्ट वेगळी करून सांगायला हवी. दुधाची ॲलर्जी हा निराळा प्रकार आहे. ती दुधातल्या प्रथिनांची असते, अंगावर गांधी उठतात, श्वासाला त्रास होऊ शकतो. तिथे प्रयोग करायचे नाहीत, डॉक्टरकडे जायचं. पण लॅक्टोजचा त्रास हा प्रमाणाचा प्रश्न आहे. हे विकर कमी असलेल्या बऱ्याच जणांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज, म्हणजे साधारण एक कप दूध, फारसा त्रास न होता चालतं, विशेषतः जेवणासोबत घेतलं तर. आजीचा पेला त्याहून मोठा होता आणि उपाशीपोटी होता. तेच दूध अर्धं करून भाकरीबरोबर दिलं असतं, तर कदाचित मला नदीकडे पळावं लागलं नसतं.

आणि दही तर घरात रोज होतंच. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग खाऊन त्याचं आम्ल करतात, म्हणून तर दही आंबट लागतं. शिवाय हेच जिवाणू पोटात गेल्यावर उरलेलं लॅक्टोज पचवायलाही मदत करतात. मी आता रोज दुपारी वाटीभर दही खातो. गुडगुड नाही, पळापळ नाही. दुधाने तोंड पोळल्यावर ताकही फुंकून प्यावं म्हणतात. माझ्या बाबतीत ताकानेच तोंड निववलं.

हे सगळं मला चार वर्षांपूर्वीच कळलं होतं. मी ते माझ्यापुरतं वापरलं आणि विषय संपवला. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या पोटाचा विचार मनात आला नाही. तो विचार प्लास्टर बघून आला.

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक सूत्रं प्रसिद्ध केली. त्यातल्या दिवसाच्या ताटात साधारण ३०० मिलिलिटर दूध किंवा दही धरलं आहे. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० मिलिलिटर दुधात ते १२० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे ३०० मिलिलिटरमधून गरजेचा एक तृतीयांश भाग निघतो, बाकी भाकरी, डाळी, पालेभाज्या, तीळ यांतून मिळवायचा. आईच्या पोटात किती जात होतं? सकाळी आणि दुपारी चहा. एका कपात फार तर तीसेक मिलिलिटर दूध. संध्याकाळी दूध कमी पडलं की कोरा चहा. पाणी घातलेलं ताक. सगळं मिळून दिवसाला शंभर मिलिलिटरच्या वर जात नसावं. दोन म्हशींची धार काढणारी बाई, तीसेक वर्षं.

"पण मी तूप खाते की," ती म्हणाली. इथे आमच्यातल्या बऱ्याच जणांचा गैरसमज आहे, माझाही होता. तूप म्हणजे दुधातला स्निग्धांश. कॅल्शियम आणि प्रथिनं त्यात जवळपास नसतातच. ती मागे राहतात, साय काढलेल्या दुधात आणि ताकात. म्हणजे आपण ज्याला 'खालचं दूध' म्हणून कमी लेखतो, हाडांच्या दृष्टीने तेच कामाचं.

हाडांचा हिशोब बँकेतल्या ठेवीसारखा असतो. साधारण तिशीपर्यंत भर पडते, नंतर शिल्लक हळूहळू उतरते. बाईची पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं आणि काही वर्षं ही उतरण फार वेगाने होते. आईच्या भर टाकायच्या वयात दोन बाळंतपणं झाली, दोघांना अंगावर पाजणं झालं, आणि वाट्याला आली खरवड. आता पन्नाशीनंतर एकदम तीन ग्लास पाजून ती वर्षं भरून निघणार नाहीत. दूध प्यायलं म्हणजे हाड मोडणारच नाही, असंही नाही. याबाबत मोठमोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. हाडाला ड जीवनसत्त्व लागतं, प्रथिनं लागतात, अंगावर भार येईल असं चालणं-फिरणं लागतं. आईची तपासणी झाली, घनता कमी निघाली, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दूध हा त्या औषधाचा पर्याय नाही. तो तिचा रोजच्या ताटातला वाटा आहे, आणि तो तिला मिळालेला नव्हता, एवढंच माझं म्हणणं आहे.

शेजारच्या काकू हळदीचं दूध घेऊन आल्या. आईने ते प्यायलं आणि मला बरं वाटलं, हळदीमुळे नाही, दुधामुळे. हळदीने हाड सांधत नाही, पण चिमूटभर हळदीच्या निमित्ताने बाईच्या पोटात दोनशे मिलिलिटर दूध जात असेल तर हळदीला माझा नमस्कार.

मग आम्ही काय बदललं ते सांगतो. यात विशेष असं काही नाही, कुणालाही करता येईल.

पहिलं, आईचं विरजण वेगळं. रात्री सगळ्यांच्या आधी एका स्टीलच्या डब्यात पाव लिटर दूध काढायचं आणि त्याला विरजण लावायचं. उरलं तर आईला, हा नियम बंद. कारण उरत नाही. जेवणात ते दही, नाहीतर त्याचं घट्टसर ताक. पाणी घातलेलं ताक तहानेला उत्तम, पण तांब्याभर पाण्यात दोन चमचे दही म्हणजे दूध घेतलं असं धरायचं नाही. फुणके केले की कढी याच दह्याची.

दुसरं, चहा जेवणापासून तासभर लांब. चहातली टॅनिन जेवणातलं लोह शोषू देत नाहीत. आणि चहातल्या दुधाला दूध म्हणून मोजायचं नाही. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दिवसाला चाळीसेक ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते.

तिसरं, दुधात पावडरी नाहीत. दुकानातल्या चॉकलेटी डब्यांत बराच भाग साखरेचा असतो. २०२४ साली केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना असली पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका असं कळवलं, ते उगाच नाही. गोड हवं तर पिकलं केळं कुस्करून शिकरण. आमच्या खानदेशात केळ्यांना काय तोटा?

चौथं, कच्चं दूध नाही. आमच्याकडे धारोष्ण दुधाचं कौतुक फार. बाबा अजूनही गोठ्यातच एक घोट घेतात. पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे जनावरांचे आजार माणसाला होऊ शकतात. उकळी आणली की हा धोका जातो, आणि कॅल्शियम कुठेही जात नाही. तासन्‌तास आटवत बसायची मात्र गरज नाही.

पाचवं, साय. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो. बाबांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, त्यांना साय काढलेलं दूध दिलं तर काहीच बिघडत नाही. पुण्यात मी पिशवीचं टोन्ड दूध घेतो. टोन्ड म्हणजे ३ टक्के फॅट, डबल टोन्ड म्हणजे १.५ टक्के, फुल क्रीम म्हणजे ६ टक्के. यात मला एक गंमत कळली. भारतात टोन्ड दुधाची सुरुवात आपल्या मुंबईतली, चाळीसच्या दशकातली, दारा खुरोदी यांची. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि दुधाची भुकटी मिसळून फॅट कमी करायचं, म्हणजे तेवढ्याच दुधात जास्त लोकांना स्वस्त दूध मिळेल. १९६३ साली खुरोदींना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कुरियन सगळ्यांना माहीत आहेत, खुरोदी फारसे कुणाला नाहीत. मला त्यांचं काम आवडतं ते एवढ्यासाठी की, दूध किती आहे यासोबत ते किती जणांना पोचतं हाही प्रश्न त्यांना पडला.

ताईला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, म्हणून तिच्याशीही यावर बोलणं झालं. ती लोहाची गोळी दुधाबरोबर घेत होती, ताकद यावी म्हणून. दुधातलं कॅल्शियम लोहाच्या आड येतं. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत, कॅल्शियमची वेगळ्या वेळी, असं तिला आरोग्यसेविकेनेही सांगितलं होतं, पण सासूबाई दूधच देत होत्या. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने नोंदवलं आहे. माया करतानाही वेळ चुकली की फुकट जाते. तिच्या पहिल्या मुलालाही ती दिवसभर बाटलीने दूध पाजायची, जेवत नाही म्हणून. दुधाने पोट भरतं म्हणून तो जेवत नव्हता. वर्षाच्या आत बाळाला गाई-म्हशीचं दूध मुख्य आहार म्हणून द्यायचंच नाही, आईचंच पाजायचं आणि सहा महिन्यांनंतर सोबत वरचं अन्न द्यायचं. वर्षानंतरही दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवायचं. दुधात लोह नगण्य असतं, नुसत्या दुधावरची मुलं गुटगुटीत दिसतात आणि आतून फिकट असतात.

एवढं दुधाचं गायल्यावर माझ्या एका मित्राचं बोलणं सांगायलाच हवं. तो धडगावकडचा, शहाद्याला होस्टेलवर असताना माझ्या वर्गात होता. मी त्याला आईचं सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "आमच्या घरी गाय होती, पण तिचं दूध वासराचं. आम्ही कधी प्यायलोच नाही." मग ते खायचे काय? नाचणीची भाकरी, पालेभाज्या, तीळ, ओढ्यातले बारीक मासे काट्यांसकट. मी घरी येऊन वही काढली. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. तिळात त्याहून कितीतरी जास्त. काट्यांसकट खाल्लेले मासे म्हणजे तर हाडंच. शरीराला धान्यातलं कॅल्शियम दुधातल्याइतकं सहज घेता येत नाही हे खरं, पण दूध हाच एक रस्ता आहे हे खरं नाही. आमच्या जिल्ह्याची जवळपास ७० टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. तिथल्या कुपोषणावर शहरातला माणूस चटकन म्हणतो, यांना दूध द्या. ज्याच्या आतड्यात ते विकर नाही आणि ज्याच्या स्वयंपाकात ती सवय नाही, त्याच्या हातात रिकाम्यापोटी पेला देणारी आजी मला ओळखीची आहे. अंडं द्या, नाचणी द्या, दही देऊन बघा, आणि आधी विचारा.

आता खरी अडचण. हे सगळं ऐकून घरात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आईचं पाव लिटर, आजीचं थोडं वाढवलेलं, मिळून रोज अर्धा-पाऊण लिटर दूध डेअरीवर कमी जायला लागलं. महिन्याला हजाराच्या आसपास रुपये कमी. बाबा काही बोलले नाहीत, पण डेअरीचं कार्ड दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं. सगळ्यात जास्त विरोध आईचाच. "माले काय करनं शे दूध? मी काय ल्हान शे का?" पहिल्या आठवड्यात तिने डब्यातलं दही दोनदा गुपचूप कढीत घातलं. एकदा पाहुण्यांना वाढलं. मी चिडलो. ती म्हणाली, "पाहुण्यासमोर मी एकटीच दही खात बसू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीस वर्षं तिला कुणी सांगितलं नव्हतं की हे तुझं आहे. मी आठ दिवसांत शिकवायला निघालो होतो.

मार्ग आजीने काढला. तीच, पितळी पेल्यावाली. वय ब्याऐंशी. एका दुपारी ती आईला म्हणाली, मला एकटीला जेवण जात नाही, तू माझ्यासोबत बसत जा. तेव्हापासून त्या दोघी एकत्र जेवतात. आईचा हात प्लास्टरमध्ये होता तोवर आजी डब्याचं झाकण काढून द्यायची. आता हात सुटला आहे, तरी काढून देते. एकदा मी व्हिडिओ कॉल केला तेव्हा दोघी जेवत होत्या. मी आजीला विचारलं, तरुणपणी तू दूध प्यायचीस का? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कोण देणार होतं?" आणि पुन्हा जेवायला लागली.

परवा आईचा फोन आला होता. मोठी म्हैस आटली आहे, दूध निम्म्यावर आलंय, महिनाभर असंच चालेल म्हणाली. मी म्हटलं, मग तुझा डबा? ती म्हणाली, "लावते रे." आवाजावरून मला खात्री वाटली नाही. म्हणून फोन ठेवल्यावर बाबांना मेसेज केला, रात्री विरजण लागलं की डब्याचा फोटो पाठवा. साडेनऊला फोटो आला. थोडा हललेला, अर्धा अंधारात. डबा दिसत होता, झाकणाखाली दूधही दिसत होतं. खाली बाबांनी लिहिलं होतं, 'आज मी लावलं.'